गोळा नेमका कुठे येतो

आईचं वजन उतरत होतं आणि मी तिला दही खाऊ घालत होते. त्या सहा महिन्यांतलं माझं सगळं शहाणपण या एका वाक्यात मावतं.

नुसतं दहीही नाही. आधी घरी लावलेलं, मग विकतचं, मग ताक, मग गाजराची कांजी, मग आंबवलेल्या पिठाचं जे जे म्हणून करता येतं ते सगळं. शेवटी कॅप्सूल. डबीवर लिहिलेलं असायचं की एकेका कॅप्सूलमध्ये पोटाला उपयोगी असे कोट्यवधी जिवाणू आहेत. आईने ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि म्हणाली, "एवढे सगळे माझ्या पोटात राहणार? इथे आपल्या दोघींना जागा पुरत नाही." त्या दिवशी मी वहीत लिहिलं : विनोद केला, मूड बरा.

हो, मी वही ठेवली होती. रोज सकाळचं वजन, काय खाल्लं, ताटात किती टाकलं, पोट साफ झालं का, आणि शेवटच्या रकान्यात मूड. मूडचा रकाना मी माझ्या मनाने भरायचे. आईला विचारून उपयोग नसायचा, कारण तिचं उत्तर ठरलेलं होतं, "पोटात कालवतं गं." आणि पोटाचा रकाना तर मी आधीच भरलेला असायचा.

सुरुवात घर सुटल्यापासून झाली. घाटकोपरची आमची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहायचा होता आणि तोवर प्रत्येकाने आपापली सोय बघायची होती. आम्ही दोघी मुलुंडला अकराव्या मजल्यावर भाड्याने आलो. शेजारच्या खोलीतली काकी मुलाकडे चेंबूरला गेली. काकी म्हणजे नात्याची कुणी नव्हे, पण आईची तिच्याशी चाळीस वर्षांची संगत. दोघी कोकणातल्या, दोघींचे नवरे एकाच गिरणीत, आणि गिरणी बंद पडल्यावर दोघींनी मिळून पापड-कुरडया लाटून घरं चालवली. मला आईच्या हातचा जेवढा मार बसला असेल त्याहून जास्त काकीच्या हातचा बसलाय. रोज दुपारी चारला दोघी दारात बसून चहा प्यायच्या, भाजी निवडायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची मापं काढायच्या. नव्या घरात चारचा चहा फोनवर सुरू झाला. आई कप घेऊन खिडकीशी बसायची आणि एवढ्या मोठ्याने बोलायची की मी एकदा म्हटलं, फोन कशाला, अशीच हाक मार, चेंबूरला ऐकू जाईल.

तिसऱ्या महिन्यात काकी गेली. सकाळी आंघोळीला म्हणून आत गेली ती बाहेर आलीच नाही. तिच्या मुलाचा फोन मला कामावर आला. मी जिन्यात उभी होते, तिथेच थोडी रडले आणि तिथेच ठरवून टाकलं की आईला आत्ता सांगायचं नाही. नव्या घरात आल्यापासून तिचं जेवण कमी झालंच होतं, त्यात हे नको. जरा सावरली की सांगू. घरी जाऊन मी सांगितलं की काकी गावाला गेलीय, दोन-तीन महिने तरी येणार नाही आणि तिकडे फोनला रेंज नाही. आईने माझ्याकडे पाहिलं, "बरं," म्हणाली आणि कप विसळायला उठली. बाराव्याला मी एकटीच जाऊन आले. आईला सांगितलं, मीटिंग आहे.

त्यानंतर आईने काकीचं नावही काढलं नाही. मला हायसं वाटलं. ती विचारत नाही म्हणजे तिला पटलंय, असं मी धरून चालले. आज ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते, कारण असं काही धरून चालायचं नाही, हेच तर माझं कामावरचं शिक्षण होतं.

आईचं जेवण मात्र निम्म्यावर आलं, मग निम्म्याच्याही निम्म्यावर. ब्लाउज सैल झाले. बांगड्या कोपरापर्यंत चढायला लागल्या. रक्त तपासलं, सोनोग्राफी केली, तोंडातून नळी घालून जठर बघितलं. सगळं नॉर्मल. मी ते कागद घेऊन घरात फेऱ्या मारायचे. अकराव्या मजल्यावरच्या त्या घरात फेऱ्या मारायला धड जागा नव्हती, हॉलमधून किचन, किचनमधून हॉल. आई म्हणायची, "बस गं जरा, माझ्या डोळ्यांसमोर गरगरतं." मला बसवत नव्हतं. जेवण जात नाही, पोटात कालवतं, आणि पोट नॉर्मल! मला असलं नॉर्मल नको होतं. मला काहीतरी सापडायला हवं होतं, ज्याच्यावर गोळी असते.

आणि नेमकं तेच माझ्या कामात सापडणार, असं मला वाटत होतं.

मी घाटकोपरच्या एका रुग्णालयात एका अभ्यासाचे फॉर्म भरायचं काम करायचे. अभ्यास पोट आणि मन यांचा होता. पोटाच्या जुन्या तक्रारी असलेल्या बायकांना रोज पाण्यात ढवळून घ्यायला एक पुडी द्यायची. काही पुड्यांत चांगले जिवाणू, काहींत नुसतंच पीठ, दिसायला सारख्या, आणि कुणाला कोणती मिळाली हे आम्हालाही माहीत नाही. त्याआधी प्रत्येकीला बसवून एक लांबलचक फॉर्म भरायचा. अ भाग पोटाचा : गॅस, मळमळ, पोटात गोळा येणं, भूक न लागणं. ब भाग मनाचा. ज्यांचं पोट बिघडलंय त्यांचं मनही बिघडलेलं असतं का, हे त्यातून आधी कळणार होतं. मग पुड्या, मग पुन्हा तोच फॉर्म. असाच फॉर्म बोरिवलीच्या एका केंद्रात एक मुलगी भरत होती.

फॉर्म मूळचा इंग्रजी. मराठी कुणी केलं देव जाणे. ब भागातला पहिलाच प्रश्न होता, "गत दोन सप्ताहांत आपणांस विषण्णता जाणवली काय?" पहिल्याच दिवशी मी तो एका बाईंना वाचून दाखवला. त्या घाबरून म्हणाल्या, "विष? नाय हो बाई, असलं काय नाय माझ्या मनात. दोन पोरं आहेत मला." पुढच्या प्रश्नात निरुत्साह होता, त्याच्या पुढे वैफल्य. एकीलाही वैफल्य आलेलं नव्हतं. ब भागात सगळं नाही, नाही, नाही.

आणि त्याच बाया अ भागात भडाभडा बोलायच्या. पोटात गोळा येतो. पोटात खड्डा पडतो. पोटात कालवतं. अन्न गोड लागत नाही. डोळ्यांतून पाणी काढून सांगायच्या. मला काय कळत नव्हतं? मी गिरणी कामगाराची मुलगी, चाळीत वाढलेली. पोटात गोळा म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको होतं. तेव्हा मी माझी पद्धत बसवली. बाई म्हणाली "पोटात गोळा येतो," की अ भागात गोळा येण्यासमोर खूण. आणि तिचा चेहरा बघून ब भागात विषण्णतेसमोरही खूण, "कधीकधी" किंवा "बऱ्याचदा". मला वाटलं, फॉर्म आंधळा आहे, मी त्याला डोळे देतेय.

पहिल्या टप्प्याचे आकडे आल्यावर आमच्या सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. सर म्हणजे अभ्यासाचे मुख्य डॉक्टर, भला माणूस, चहा स्वतः ओतून देणारा. म्हणाले, "मॅडम, घाटकोपर झकास! पोट आणि मन अगदी हातात हात घालून चाललेत." माझ्या फॉर्मांत जिचं पोट जास्त बिघडलेलं, तिचं मनही जास्त बिघडलेलं. बोरिवलीत मात्र तसलं काहीच दिसत नव्हतं. तिथल्या बायकांची पोटं बिघडलेली आणि मनं ठणठणीत. सर म्हणाले, ती मुलगी नवीन आहे, नुसता फॉर्म वाचून दाखवत असणार. तिला चार दिवस तुमच्याकडे पाठवतो, जरा शिकवा.

मी त्या दिवशी घरी तरंगत गेले. कौतुकाने नव्हे, किंवा कौतुकाने थोडीफार, खोटं कशाला बोलू. पण खरा आनंद वेगळाच होता. पोट आणि मन जोडलेलं आहे, हे माझ्या फॉर्मांनी दाखवलं होतं. म्हणजे आईचं पोट बरं केलं की आई बरी होणार होती. म्हणजे मी दही, ताक, कांजी, कॅप्सूल करत होते ते बरोबर होतं. ते खरं असायला हवं होतं. मला त्याची गरज होती, आणि ज्याला गरज असते त्याच्या हातात पेन देऊ नये, हे मला तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी दोन कॅप्सूल सुरू केल्या. ओट्यावर गॅसशेजारी एक स्टीलची वाटी कायम सुटी पडलेली असायची. मी ट्रॉलीत ठेवली की आई परत बाहेर काढायची. म्हातारपणाची खोड, दुसरं काय. मी त्याच वाटीत सकाळच्या कॅप्सूल ठेवायला लागले, म्हणजे विसरायला नको. वाटी पुढे केली की आईचं तोंड कसंनुसं व्हायचं. ती डोळे मिटून गिळायची. वहीत लिहिलं : कॅप्सूलची चव आवडत नाही. कॅप्सूलला चव नसते, हे लिहिताना माझ्या लक्षात आलं नाही.

त्यातला एक आठवडा बरा गेला. आई दोन्ही वेळा जेवली, एकदा तर मागून भात घेतला. मी वहीत त्या आठवड्याभोवती लाल चौकोन काढला आणि लिहिलं : दोन कॅप्सूल लागू पडल्या! त्या आठवड्यात माझा पाय मुरगळला होता आणि मी रजेवर घरीच होते, आईसमोर पाय लांब करून दिवसभर बडबडत होते, हे वहीत कुठेही नाही. त्यासाठी रकानाच नव्हता.

मग बोरिवलीची मुलगी आली. सडपातळ, चष्मा, केस घट्ट बांधलेले, बोलायला सरळसोट. माझ्या बाजूला स्टूल घेऊन बसली. त्या दिवशी पहिल्याच बाई साकीनाक्याच्या एका कारखान्यात पॅकिंगचं काम करणाऱ्या होत्या. मी विचारलं, "बोला ताई, पोटाचं कसं काय?" त्या म्हणाल्या, "पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं ना, तेव्हापासून पोटात गोळाच येतो बघा. अन्न गोड लागत नाही." मी मान हलवली, त्यांच्या हातावर हात ठेवला, दोन गोष्टी बोलले आणि खुणा केल्या. गोळा येणं, बऱ्याचदा. भूक न लागणं, रोज. विषण्णता, बऱ्याचदा. बाई डोळे पुसून गेल्या. मी मुलीकडे पाहिलं. शिकलीस का, अशा नजरेने.

ती फॉर्मकडे बघत होती. म्हणाली, "ताई, त्यांनी एकच गोष्ट सांगितली. तुम्ही तीन ठिकाणी लिहिलीत."

"म्हणजे?"

"म्हणजे मुलीचं लग्न मोडलं, म्हणून त्यांना वाईट वाटतंय. पोट बिघडलंय असं कुठे म्हणाल्या त्या?"

"अगं, पोटात गोळा येतो म्हणाल्या ना. कान कुठेयत तुझे?"

"ते तर माझी आई पण म्हणते. मी बाइक चालवते ना, तर तिच्या पोटात रोज गोळा येतो. तिला मी इनो नाही देत."

मला हसू यायला हवं होतं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "तुला माणसं वाचता येत नाहीत ना, म्हणून तुमच्याकडे काय निघत नाही. नुसती हो-नाही करतेस." ती म्हणाली, "नसतील येत वाचता. पण एकच वाक्य पोटात पण टाकलं आणि मनात पण टाकलं, तर ती दोन्ही जुळणारच ना, ताई? ती जुळवली कुणी?"

मी तिला चहा आणायला पाठवलं. ती गेल्यावर मी उठले, हात धुतले, परत बसले, परत उठून हात धुतले.

माझा स्वभाव असा की, चूक दिसली की मी आधी भांडते आणि मग झोप उडवून घेते. दोन दिवस भांडले, मनातल्या मनात, त्या मुलीशी. तिसऱ्या दिवशी मी एक साधी गोष्ट करून बघितली. कुणी म्हणालं पोटात गोळा येतो, की मी म्हणायचे, "कुठे येतो? हात ठेवून दाखवा. आणि कधी येतो?"

एका आजींनी बेंबीच्या वर हात ठेवला, "इथे. वाटाण्याची उसळ खाल्ली की येतो." ठीक. तो पोटाचा गोळा. माहुलहून येणाऱ्या एका कोळीणबाईंनी आधी छातीवर हात ठेवला, मग गळ्यावर, मग हसायलाच लागल्या. "घरचा माणूस होडी घेऊन गेला आणि यायला उशीर झाला की येतो. आता त्याला जागा काय दाखवू?" तिसऱ्या एका बाईंनी हात कुठेच ठेवला नाही. म्हणाल्या, "तुम्ही आजवर हे कधी विचारलं नाहीत." त्यांचा फॉर्म मी महिन्यापूर्वीच भरला होता.

दुपारी जुने फॉर्म काढून बसले. सगळे माझ्या अक्षरातले, नीटनेटके, एकही खाडाखोड नाही. आणि त्यातला कुठला गोळा वाटाण्याचा आणि कुठला होडीचा, हे आता माझं मलाच सांगता येईना. आमच्या भाषेत सगळंच पोटात असतं. भीती पोटात, माया पोटात, गुपित पोटात ठेवायचं, दुसऱ्याचा अपराध पोटात घालायचा. पोटाचा आणि मनाचा संबंध असेलही, मी नाही म्हणत नाही, मोठमोठी माणसं त्याच्यावर काम करतायत. पण माझ्या फॉर्मांत निघालेला संबंध जिवाणूंचा नव्हता. तो मराठीचा होता, आणि थोडा माझ्या पेनाचा.

त्याच दिवशी सरांकडे गेले. त्या मुलीलाही बरोबर नेलं, कारण एकटीने गेले असते तर मी चार गोष्टी गोड करून सांगितल्या असत्या. सरांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चहा गार झाला. पुढच्याच आठवड्यात ते आमच्या केंद्राचे आकडे एका परिषदेत मांडणार होते. "मॅडम," ते म्हणाले, "तुम्हाला कळतंय ना, म्हणजे आपल्याकडे काहीच उरलं नाही?" मी म्हटलं, "हो सर." त्यांनी चष्मा काढला, डोळे चोळले. मग त्या मुलीकडे वळून म्हणाले, "आणि तुझ्याकडेही काही नाही. तुझ्या बायकांना विषण्णता कळलेलीच नाही." ती म्हणाली, "हो सर, मला पण कळलेली नाही." सर हसले, पण ते हसू चांगलं नव्हतं. परिषदेला कळवलं गेलं की आकडे मागे घेतोय. फॉर्मची भाषा बदलायची, सगळ्या बायकांना पुन्हा बोलवायचं, आणि मी भरलेलं सगळं कपाटात बंद करून ठेवायचं, असं ठरलं. मला काढलं नाही. काढलं असतं तर कदाचित बरं वाटलं असतं.

पाचच्या सुमाराला मी घरी पोचले. लिफ्टमधून वर जाताना पोटात गोळा आला आणि मला स्वतःचाच राग आला. हा कुठला? लिफ्टचा की दुसरा?

आई खिडकीशी बसली होती. चहाचा कप समोर, भरलेला, वर साय धरलेली. मी चपला काढल्या आणि तशीच तिच्यासमोर जमिनीवर बसले. वही आणली नाही, पर्स खांद्यावरच होती.

"आई, पोटात कालवतं म्हणतेस ना. नेमकं कुठे? हात ठेवून दाखव."

"झालं तुझं सुरू," ती म्हणाली. "कुठे म्हणजे? पोटात."

"पोटात कुठे? दाखव ना."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी कंटाळून उठेन असं तिला वाटलं असेल, कारण एरवी मी उठतेच. मी उठले नाही. मग ती खुर्चीतून वाकली आणि तिने हात ठेवला, तिच्या नाही, माझ्या पोटावर.

"हय," ती म्हणाली. आईच्या तोंडात गावची भाषा फार आतून काही आलं की येते, एरवी ती माझ्यासारखीच बोलते. "तिची बातमी तू हय ठेवलंस ना? थंयच माका दुखता."

मी विचारलं, "कधी कळलं तुला?"

"ती गावाक गेली म्हणान तू सांगलंस, त्याच्या दुसऱ्याच दिसा. मी फोन केलंय, तिच्या झिलान उचललो. रडत होतो बिचारो."

दुसऱ्याच दिवशी, काकीच्या मुलाकडून. म्हणजे बाराव्याला मी मीटिंगच्या नावाने निघाले तेव्हा, माझी साडी बघून "बरी दिसते गं" म्हणाली तेव्हा, तिला सगळं माहीत होतं. ती जे विचारत नव्हती ते मी सुधारणा म्हणून मोजत होते.

"मग मला का नाही बोललीस? तीन महिने! मी इथे काय काय करतेय, तपासण्या करतेय, नळी घातली तुझ्या घशात..." माझा आवाज चढला. मला रडायचं होतं आणि मी ओरडत होते.

"तू माझ्यासाठी पोटात ठेवलंस," आई म्हणाली. "म्हटलंय, ठेवूंदे. तुका तेवढाच बरा वाटता तर ठेवूंदे. मी पण ठेवलंय." मग तिने ओट्याकडे पाहिलं. "पण तिच्या वाटयेत घालून माका गोळये दिव नको गो."

मी उठून किचनमध्ये गेले. वाटीत उद्या सकाळच्या दोन कॅप्सूल होत्या, मीच कामावर जाताना काढून ठेवलेल्या. त्या बाजूला केल्या आणि वाटी उलटी केली. तळाशी ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं काकीच्या नवऱ्याचं नाव आणि त्यांच्या लग्नाचं साल, घासून घासून पुसट झालेलं. चाळ सोडायच्या दिवशी काकीने ह्याच वाटीतून शिरा पाठवला होता, सामान भरण्याच्या गडबडीत मी उभ्या-उभ्याच खाल्ला होता. शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत. आईने ती भरून न्यायची म्हणून बाहेर ठेवली होती, आणि मग ती न्यायची कुठे, हा प्रश्न पडल्यावरही बाहेरच ठेवली होती. आणि कित्येक आठवडे रोज सकाळी मी ती तिच्या तोंडासमोर धरत होते.

आम्ही दोघी रडलो. आई आवाज न करता रडली, मी आवाज करून. त्या दिवशी दोघींनीही धड काही खाल्लं नाही, आणि त्यानंतरचे कित्येक दिवसही आईचं जेवण फारसं वाढलं नाही. एका दिवसात भरून यायला तो काही फॉर्म नव्हता. वही मी बंद केली. त्यातली पानं खोटी नव्हती, वजनं खरी होती, पण त्या पानांवरून माझ्या आईला काय होतंय हे कुणालाच कळलं नसतं.

रविवारी चेंबूरला जायचं ठरलं, काकीच्या सुनेकडे. आई सकाळीच ओट्याशी उभी राहिली. कढईत रवा घेतला, तूप सोडलं, कितीतरी दिवसांनी तिच्या हातात उलथनं दिसलं. मी मागे फेऱ्या मारत होते, मधे मधे लुडबुडत होते, रवा करपेल, गॅस बारीक कर. "तू गप बस बघू एका जागी," ती म्हणाली. मी स्टूलवर बसले. शिरा झाला तशी तिने चमच्याच्या टोकावर थोडासा घेतला, फुंकर मारली आणि तोंडात टाकला. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, आणि ह्या खेपेला काहीही ठरवलं नव्हतं.

"गोड कमी हा," आई म्हणाली.

मी साखरेचा डबा तिच्यापुढे सरकवला.